चौथी टाप

मखमलाबादच्या जत्रेत, गहू निघालेल्या, रूळ फिरवलेल्या रानात
पाच घोडे फिरवत होते, आणि माझ्या हातात
चाळीस पानी वही, मागे पाढे छापलेली.
दगडूभाई नालबंद शेजारी, खाटेवर.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मांडीवर तंबाखूची चंची.
"सांग," म्हणाले, "काय काय दिसतंय."

पहिला सबजा, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला.
गोंडे, घुंगरं, कपाळावर आरसा.
किंमत मालकच सांगत सुटलाय, कुणी न विचारता.
"नाचतोय का?"
नाचतोय.
"मग त्याचं धावणं तिथेच संपलं. पुढचा."

दुसरा गिरणाऱ्याचा, पंचकल्याणी, गळ्याशी देवमण.
लोक पाया पडून जातायत.
"भोवरे मालकासाठी असतात रे. घाम कुठे आलाय ते बघ."
वाकून बघितलं. मांड्यांच्या आत पांढरा फेस,
अजून दोरीसुद्धा ताणली नव्हती.
त्याच्या नावावर काट मारली.

तिसरी घोडी. बुटकी, पोटाशी जरा सुटलेली,
आडगावला टोमॅटोच्या गाडीला जुंपतात म्हणे.
एक कान माणसांकडे, एक वाऱ्याकडे.
डोळ्याखाली आसूढाळ, म्हणून तिला कुणी कुंकू लावलं नव्हतं.
लीद घट्ट. बरगडी शांत.
दगडूभाई काही बोलले नाहीत,
नखावर चुना घेतला.

चौथा शेपटीपर्यंत रंगवलेला, रहाडीतून काढल्यासारखा.
रंगाखालचा घोडा मला वाचताच आला नाही.

पाचवा कुमैत.
काय सांगू, छाती उघड्या दारासारखी,
खांदा तिरका, गुडघ्याखाली पाय आखूड,
चालताना पाठीवर पाणी ठेवलं तर सांडू नये.
मी त्याच्यापुढे तीन चांदण्या काढल्या.
"त्याला जरा इकडून नेऊ दे."
पोरगा घोडा घेऊन समोरून गेला.
दगडूभाईंनी मान कलती केली, अंगठा तळहातावर थांबला.
"एक, दोन, तीन... आणि चार. ऐकलंस?
मागचा उजवा. खिळा आत गेलाय, जिवंत मांसाशी.
कडुलिंबापर्यंत पुढे राहील. नंतर नाही.
जा, मालकाला सांग."

मालक वीस पावलांवर होता, फेटा बांधून घेत होता.
मी उठलो. वही मिटली.
उघडली.
तीन चांदण्या खोडून घोडीपुढे काढल्या
आणि आमच्या प्रेसमधल्या गांगुर्डेशी चहाची पैज लावली.
दिवसभर आम्ही पाचशेच्या नोटांचे गठ्ठे तपासतो,
सुटताना खिसे झाडून दाखवतो.
पैज नेहमी चहाचीच.

दोरी सुटली.
कुमैत कडुलिंबापर्यंत पुढे होता.
मग मागून कुणी नाव घेतल्यासारखा
थांबला नाही, फक्त आखडला,
आणि आडगावची घोडी
बाजाराला उशीर झालेल्या बाईसारखी
इकडेतिकडे न बघता त्याच्या बाजूने निघून गेली.
लोक ओरडले. मीही ओरडलो असेन.
तो तीन पायांवर परत आला.
पोरगा त्याच्या मानेला टेकून काहीतरी सांगत होता.

"सांगितलंस का?"
मी म्हणालो, गर्दी होती.
दगडूभाईंच्या तळहातावरची मळलेली तंबाखू
तशीच राहिली.

चहा गांगुर्डेने पाजला. आलं जास्त होतं.
वहीत लिहिलं: तारीख, रान, वारा, अंदाज बरोबर.

सोमवारी पहिली पाळी. नाशिकरोडला भोंगा झाला,
यंत्र सुरू झालं, कागद पडू लागले,
एक, दोन, तीन

आणि चार.
फोरमनला म्हटलं, ऐकू येतंय का?
त्याने कान दिला, बराच वेळ.
म्हणाला, ठीक चाललंय.